गिऱ्हाईक आणि पाहुणा

मित्रांना बरोबर घेऊन बाहेर जेवावयास जाणें ही गोष्ट आतां सुशिक्षित कुटुंबांत इतकी नित्याची झाली आहे कीं, तिच्यांत कांहीं नैतिक प्रश्न दडलेला असूं शकेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पदार्थ निवडावयाचे, हंसतखेळत ते खावयाचे, हिशोबाचा कागद आला म्हणजे पैसे द्यावयाचे आणि घरीं परतावयाचें. यांत धर्म कोठला आणि अधर्म कोठला? परंतु मनुष्याच्या ज्या क्रिया अगदीं निरुपद्रवी दिसतात त्यांतच त्याच्या नीतीची खरी ठेवण पुष्कळदां उघडी पडते. दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलें अन्न आपण खातों तेव्हां आपण त्याचे कोण होतों, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीं त्याला बहुधा एकच उत्तर मिळे : पाहुणा. आतां दुसरें एक उत्तर त्याच्या शेजारीं येऊन बसलें आहे : गिऱ्हाईक. या दोन उत्तरांत अंतर किती, आणि दुसऱ्यानें पहिल्याची जागा पुरती भरून निघते काय, याचा थोडा विचार करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विचाराला पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्याइतका योग्य प्रदेश क्वचितच सांपडेल. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस वसली. १९५४ सालीं तेथें पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें शेतांच्या जागीं कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या; २००९ सालीं चाकणला जर्मन मोटारींचा कारखानाहि सुरू झाला. या मुलखांत आलेला पहिल्या पिढीचा कामगार खानावळींत जेवे तो गरज म्हणून. घर गांवाकडे राहिलेलें असे आणि पोट येथें असे. त्याचा अभियंता झालेला मुलगा शनिवारीं रात्रीं बाहेर जेवतो तो हौस म्हणून. कोरिया-जपानांतून आलेल्या तंत्रज्ञांसाठीं निघालेल्या भोजनगृहांतून मराठी कुटुंबेंहि दिसूं लागलीं आहेत. आणि येथील तरुणहि कामाकरितां युरोपांत जातात व तेथल्या पंगतीस बसतात. एका पिढीच्या अवधींत खानावळीपासून परदेशी मेजापर्यंतचा हा प्रवास झाला आहे.

प्रश्न डोळ्यांपुढें नीट यावा म्हणून एक प्रसंग कल्पूं. चाकणच्या एखाद्या कारखान्यांतील चार मराठी मित्र कामानिमित्त पोलंडची राजधानी वॉर्सा येथें गेले आहेत. घरून नेलेल्या चिवड्या-लाडवांवर कांहीं दिवस काढल्यानंतर एके संध्याकाळीं ते एका पोलिश भोजनगृहांत शिरतात. त्याला जोडूनच व्होडकाचा बार आहे. प्रथम येतें तें ‘झुरेक’ : राय नांवाच्या धान्याचें पीठ आंबवून केलेलें आंबटसर सार. पहिल्याच घोटाला चौघांपैकीं एकाला आजीच्या हातची आंबील आठवते. मग ‘पियेरोगी’ येतात. कणकेच्या पारींत बटाटा व पनीर भरून, कांठाला मुरड घालून, पाण्यांत उकडलेल्या करंज्याच त्या. बीटाचें तांबडें सार, खारवलेल्या काकड्या, काळसर पाव, आणि यांच्या जोडीला लहान पेल्यांतून थंडगार व्होडका. या नांवाचा मूळ अर्थ ‘लहानसें पाणी’ असा आहे. पाणी या शब्दाचें तें लाडकें रूप. ती आपापली घुटक्याघुटक्यानें पीत बसण्याची तेथें रीत नाहीं. सर्वांनीं एकदम पेला उचलावयाचा, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून आरोग्य चिंतावयाचें, पेला रिता करावयाचा आणि वर काकडीचा किंवा खारवलेल्या माशाचा घांस घ्यावयाचा. रात्रीं हिशोब येतो, चौघे आपापला हिस्सा देतात, वाढणाऱ्या मुलीसाठीं चार नाणीं जास्त ठेवतात आणि बाहेर पडतात. त्यांचें देणें फिटलें काय?

व्यवहारशास्त्र म्हणेल कीं, पैन् पै फिटलें. परंतु त्या चौघांची भाषा आणि त्या भोजनगृहाची भाषा, या दोहोंतहि एक पदार्थ असा आहे कीं ज्याचा हिशोब कागदावर लिहीत नाहींत. तो पदार्थ म्हणजे मीठ. पोलंडांत सन्मान्य पाहुण्याचें आणि नवपरिणीत जोडप्याचें स्वागत पाव आणि मीठ पुढें करून करण्याची जुनी चाल आहे. ज्या देशांत क्राकूव्ह शहराजवळील व्हिएलिच्काच्या मिठाच्या खाणीनें शतकानुशतकें राजाची तिजोरी भरली, तेथें मिठाला असा मान मिळावा यांत नवल नाहीं. इकडे मराठींत मनुष्याच्या इमानाचें माप मिठानेंच घेतात. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं जो वांकडें वागत नाहीं तो मिठाला जागला. ॲरिस्टॉटलनेंहि मैत्रीचें विवेचन करतांना, बरोबर बसून पुरेसें मीठ खाल्ल्यावांचून माणसें एकमेकांस ओळखूं शकत नाहींत या अर्थाच्या लोकोक्तीचा आधार घेतला आहे. तेव्हां आपला प्रश्न असाहि मांडतां येईल : विकत घेतलेल्या मिठाला जागावें लागतें काय?

प्रथम गिऱ्हाइकाची बाजू पुरती ऐकून घेतली पाहिजे. कारण आपल्याकडे ती नेहमीं अर्धीच ऐकली जाते. भोजनगृहें वाढलीं आणि घरचें आतिथ्य बुडालें, पैसा आला आणि माणुसकी गेली, असा विलाप आपण वारंवार ऐकतों. तैत्तिरीय उपनिषदानें अतिथीला देव मानण्यास सांगितलें आहे, आणि घरीं पाहुणा येणें म्हणजे घरीं देव येणें असें पोलिश लोकांचीहि म्हण सांगते. पण आपल्याकडे या देवाला पानावर बसविण्यापूर्वीं त्याची जात विचारीत असत, हें विलाप करणारे विसरतात. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेच्या सभासदांना परधर्मीयानें भाजलेला पाव खाणें हें एक धाडस वाटे आणि तें त्यांना लपूनछपून करावें लागे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. कोणी तो घेतला, कोणी नुसता स्वीकारून बाजूस ठेवला. पण नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतांच शहरांत ग्रामण्य माजलें, आणि एवढ्या थोर पुरुषांनाहि अखेर प्रायश्चित्ताच्या वाटेनें जावें लागलें. पाहुणा म्हणून घेतलेला एक पेला चहा एवढा महाग पडूं शकत होता!

याच्या उलट कोल्हापुरांतील गोष्ट पाहा. गंगाराम कांबळे या महार गृहस्थांनीं तेथें चहाचें दुकान काढलें. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास कोण येणार? तेव्हां शाहू छत्रपति स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवीत, तेथें चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाहि घ्यावयास लावीत. या कृतीचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. गंगारामांना राजवाड्यांत बोलावून पंचपक्वान्नें वाढणें महाराजांना अशक्य नव्हतें. परंतु तें औदार्य ठरलें असतें, आणि औदार्यांत देणारा वर व घेणारा खालीं असतो. महाराज त्यांच्या दुकानीं जाऊन त्यांचे गिऱ्हाईक झाले. ज्याच्या हातचें पाणी समाज घेत नव्हता, त्याच्या हातचा चहा राजानें उघड्यावर घेतला आणि त्याला दुकानदाराची प्रतिष्ठा दिली. गिऱ्हाईक होण्यांतहि अशी एक उंच नीति असूं शकते. जेथें दाम मोजणाऱ्या कोणालाहि सारख्याच खुर्चीवर बसतां येतें आणि सारख्याच पेल्यांतून पितां येतें, ती जागा माणसाच्या मोकळेपणाची एक मोठी कमाई आहे. अस्पृश्यांसाठीं वेगळी ठेवलेली कपबशी ज्या देशानें इतकीं वर्षें पाहिली, त्यानें तरी या कमाईला तुच्छ लेखूं नये.

म्हणजे गिऱ्हाईक होणें हें पाहुणा होण्याहून श्रेष्ठ ठरलें काय? तसें म्हणवत नाहीं. गिऱ्हाइकाचा मोकळेपणा ज्या गोष्टींतून येतो, तिच्यांतूनच त्याचें दारिद्र्यहि येतें. तो मोकळा असतो, कारण तो कोणाचें कांहीं लागत नाहीं. आणि कोणाचें कांहीं लागत नाहीं म्हणून त्याला कोणी आठवीत नाहीं व तोहि कोणाला आठवीत नाहीं. माणसाला बांधून टाकणारीं ऋणें असतात तशीं माणसाला माणसाशीं जोडणारींहि ऋणें असतात. पहिलीं फेडून टाकणें हा पुरुषार्थ आहे. दुसरीं फेडून टाकण्याची घाई ही मात्र एक प्रकारची कृपणता होय.

या दुसऱ्या प्रकारच्या ऋणाचें उदाहरण पोलिश लोकांनींच आपल्या महाराष्ट्रांत ठेवून दिलें आहे. १९४०–४१ सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडमधून लाखों माणसें घरांतून उठवून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत नेलीं. १९४१ च्या जुलैंतील करारानंतर त्यांच्यांतील कांहींची सुटका झाली. १९४२ सालीं पोलिश सैन्याबरोबर तीं इराणांत उतरलीं आणि तेथून त्यांतलीं कांहीं हिंदुस्थानांत आलीं. कोल्हापुरानजीक वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची छावणी होती. सुमारें पांच हजार माणसें तेथें राहिलीं. बहुतेक स्त्रिया व मुलें. छावणींत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, दवाखाना होता, बालवीरांचीं पथकें होतीं. पंचगंगेच्या कांठच्या त्या काळ्या मातींत कांहींचा शेवटहि झाला. कोल्हापुरच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांचीं थडगीं आहेत.

छावणीचा खर्च कोणी किती सोसला हा हिशोब सरकारांनीं सरकारांशीं केला. तो केव्हांच मिटला. परंतु दुसरा हिशोब मिटला नाहीं. वळिवड्यास बाळपण गेलेलीं तीं मुलें पुढें ब्रिटन, पोलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशीं जगभर पांगलीं, म्हातारीं झालीं. आणि १९९८ सालीं, म्हणजे छावणी उठल्यावर पन्नास वर्षांनीं, कोल्हापुरच्या महावीर उद्यानांत त्यांच्या स्मरणाचा स्तंभ उभा राहिला. पुढें वॉर्सांतहि कोल्हापुरचें नांव धारण करणारें स्मारक झालें. २०२४ च्या ऑगस्टांत भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें जाऊन आदरांजली वाहिली. जें पैशानें फिटतें तें पन्नास वर्षें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. जें फिटत नाहीं तेंच लक्षांत राहतें. आतिथ्याची याहून दुसरी व्याख्या करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

याच पिढीच्या पोलिश निर्वासितांनीं लंडनमध्यें काय केलें तेंहि पाहण्याजोगें आहे. महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, १९४० सालीं, तेथें त्यांची एक मंडळी निघाली. तिचें नांव ‘ओग्निस्को’, म्हणजे शेकोटी किंवा चूल. तेथें बैठकी होत, नाटकें होत आणि आपल्याकडचें जेवण मिळे. १९४७ सालीं जवळच ‘दाकीज’ नांवाचें पोलिश भोजनगृह निघालें, आणि घर हरवलेल्या माणसांची ती बैठकीची जागा झाली. देश गेला, गांव गेला, घराला कुलूप लावण्याचीहि सवड मिळाली नाहीं. पण सार आंबवण्याची रीत आणि करंजीची मुरड हातांत शिल्लक राहिली होती. परदेशांतील भोजनगृह पुष्कळदां असें विस्थापिताच्या घरच्या चुलीचें रूप असतें. आपण त्याला किंमत देतों ती पदार्थाची. तो पदार्थ तेथें कां शिजतो आहे याची किंमत आपण देत नाहीं, आणि देऊंहि शकत नाहीं. वॉर्सांत जेवलेल्या त्या चार मित्रांना दुसऱ्या दिवशीं एका दगडावर कोल्हापुरचें नांव दिसलें, तर हिशोबाचा कागद किती अपुरा होता हें त्यांना आपोआपच कळेल.

मात्र येथें एक धोका आहे. तें नांव वाचून छाती फुगविणें फार सोपें आहे. ‘आम्हीं यांना आसरा दिला’ असें म्हणतांना ‘आम्हीं’ या शब्दांत आपण न केलेलें पुण्य आपल्या खातीं जमा करतों. वडिलांच्या ऋणाचा वारसा जसा मुलावर येतो तसा वडिलांच्या पुण्याचा येत नाहीं. त्या पुण्याची केवळ रीत वारशानें मिळते, आणि ती चालविली तरच आपली होते. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच छावणींत सिंधी निर्वासित आले आणि तिचें गांधीनगर झालें. पिंपरीची छावणीहि अशीच वसली. ज्या प्रदेशाचा पायाच निर्वासितांच्या पालांवर घातला गेला, त्यानें आज परमुलखांतून पोटासाठीं येणाऱ्याशीं कसें वागावें? मराठवाड्यांतून, बिहारमधून, ओडिशांतून आलेला कंत्राटी मजूर चाकणच्या पत्र्याच्या खोलींत चौघांपांचांबरोबर राहतो आणि सायंकाळीं कोपऱ्यावरच्या मेसमध्यें थाळी खातो. आपण ज्या थाटाच्या भोजनगृहांत बसतों, त्याच्या भटारखान्यांतहि पुष्कळदां असाच कोणी दूरचा मुलगा कढईपुढें उभा असतो. खरा यजमान तोच. पण या पंगतींत त्याला बसतां येत नाहीं. त्याच्याशीं आपण एका शब्दानेंहि बोलत नाहीं आणि वॉर्सांतील दगडावर आपलें नांव शोधतों, तर आपण शाहूंच्या परंपरेचे वारस नव्हे. त्या दुकानावरून मान फिरवून जाणाऱ्यांचे वारस आहों.

आतां पेल्याकडे वळूं. मद्याचा प्रश्न आपल्या घरांत निराळाच जिव्हाळ्याचा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत आजहि मद्य पिणाऱ्यास परवाना लागतो. आणि ज्या वस्त्यांतून बायकांनीं मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल दिला, तेथें हा प्रश्न चैनीचा नसून ताटांतल्या भाकरीचा आहे, हें वेगळें सांगावयास नको. पोलंडांतहि हें दुःख अनोळखी नाहीं. तेथील चर्च दरवर्षीं ऑगस्ट महिना मद्यावांचून पाळण्याचें आवाहन करतें. परंतु येथें विचार करावयाचा तो मैत्रीचा आहे. चौघांपैकीं एकजण माळकरी घरचा आहे, तो पीत नाहीं. बाकीचे आग्रह करतात. हळूहळू आग्रहाची थट्टा होते आणि थट्टेची जबरदस्ती. ज्या पेल्यानें आरोग्य चिंतावयाचें त्याच पेल्यानें मित्राचा मान मोडावयाचा, यासारखी विसंगति नाहीं. एकत्र पेला उचलण्याचा अर्थ एवढाच कीं, या क्षणीं आपण एकमेकांचें बरें इच्छितों. ती इच्छा व्होडकांत नसून नजरेंत असते. फळें उकळून केलेलें ‘कोंपोत’ पोलिश घरांत सर्रास पितात, त्याचा पेलाहि तिला पुरतो. उलट, न पिणाऱ्यानेंहि आपल्या कोरड्या पेल्याचा सोंवळेपणा मिरवूं नये. ज्याच्या संयमाला मित्रांच्या कमीपणाचा टेंकू लागतो, त्याचा संयम अजून पुरता त्याचा झालेला नाहीं.

मग येतो हिशोबाचा कागद, आणि मैत्रीची दुसरी कसोटी. ‘तूं तुझें, मी माझें’ ही रीत पुण्याकडे थट्टेचा विषय झाली असली तरी तिच्यांत कांहीं वावगें नाहीं. कोणी कोणावर उपकार करीत नाहीं आणि कोणी मिंधा होत नाहीं. पण चार मित्रांत एकजण कायम नोकरींतला, दुसरा कंत्राटावरचा, तिसऱ्याच्या पगारांतून गांवाकडचें कर्ज फिटत असलेलें, अशी स्थिति असते. सारखा हिस्सा हा सारखा भार नव्हे. यावर चौथ्यानें सगळ्यांचे पैसे भरून टाकणें हाहि उपाय नाहीं. तसें दोनदां झालें म्हणजे तिसऱ्यांदा मित्र निमित्त काढून घरीं राहतो. उपाय एकच : कोठें जावयाचें हें ठरवितांनाच ज्याचा खिसा सर्वांत लहान त्याच्या मापानें ठरवावें, आणि तें त्याला कळूंहि देऊं नये. हा विचार न बोलतां ज्याच्या मनांत येतो, तो पैसे देऊनहि गिऱ्हाईक राहत नाहीं. तो त्या मेजावर न दिसणारा यजमान होतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, हें सर्व भावनेचें अवडंबर झालें. भोजनगृहवाला धंदा करतो, वाढणाऱ्याला पगार मिळतो, खाणारा पैसे देतो; तिघेहि संतुष्ट. त्यांत ऋण आणून घुसडण्याचें कारण काय? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. गोड बोलून कमी पगार देणारा मालक आणि कृतज्ञतेचे शब्द बोलून पैसे बुडविणारा गिऱ्हाईक या दोघांहून रोख व्यवहार शतपटीनें बरा. आधीं दाम चोख मोजले पाहिजेत, यांत शंका नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दाम मोजल्यानें पदार्थाचें मोल फिटतें. आपल्याला कोणीं तरी जेवूं घातलें ही गोष्ट त्यानें पुसली जात नाहीं. वैद्याची फी दिली म्हणून त्यानें जीव वांचविला हें खोटें होत नाहीं, आणि गुरूला दक्षिणा दिली म्हणून विद्या आपली कमाई ठरत नाहीं. अन्नाचें तसेंच आहे.

गिऱ्हाइकाच्या आणि पाहुण्याच्याहि पलीकडे एक पायरी आहे, तीहि एका पोलिश मनुष्याच्या चरित्रांत दिसते. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सांत जन्मलेले अभियंते. म्हैसूर संस्थानच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यावर काम करण्यास ते हिंदुस्थानांत आले. म्हणजे आज चाकणला येणाऱ्या तंत्रज्ञासारखेच आले. पण १९३८–३९ सालीं औंध संस्थानांत राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविण्याचा प्रयोग झाला त्यांत ते वांटेकरी झाले. आणि पुढें मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचीं मराठी निरूपणें त्यांनीं इंग्रजींत आणून १९७३ सालीं जगापुढें ठेविलीं. १९७६ सालीं मुंबईंतच त्यांचा अंत झाला. कामासाठीं आलेला मनुष्य येथल्या भाषेंतलें सर्वांत निगूढ धन आपल्या हातानें दुसऱ्यांना वाढूं लागला. असा मनुष्य पाहुणा राहत नाहीं, तो घरचा होतो. प्रत्येकानें एवढें व्हावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण गिऱ्हाईक ही शेवटची पायरी नव्हे, एवढें तरी त्यावरून समजतें.

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्रीं मांस वर्ज्य करून जेवण करतात. जेवणापूर्वीं सर्वजण एका पातळ पापडीचे तुकडे मोडून एकमेकांस देतात आणि शुभ चिंतितात. आपल्या तिळगुळाचीच आठवण यावी. त्या मेजावर एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, न बोलावतां येईल त्या वाटसरूसाठीं. आपल्याकडेहि जेवणापूर्वीं अतिथीची वाट पाहण्याची, गाईचा व कावळ्याचा घांस काढून ठेवण्याची चाल होती. भोजनगृहांत ही रिकामी जागा असूं शकत नाहीं. तेथें प्रत्येक खुर्चीला दर असतो, आणि तसा तो असणें हा त्या धंद्याचा दोष नव्हे. ती जागा ठेवावयाची असते ती खाणाऱ्याच्या मनांत. ज्येष्ठ महिन्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरीं मुक्कामास येते, तेव्हां हा कारखान्यांचा प्रदेश ज्यांचीं नांवेंगांवें ठाऊक नाहींत अशा वारकऱ्यांना जेवूं घालतो. कोणी हिशोबाचा कागद पुढें करीत नाहीं. म्हणजे ती रीत येथें अगदींच मेली नाहीं. वर्षांतून एकदां जें सुचतें तें इतर वेळींहि थोडें सुचावें, एवढेंच मागणें आहे.

तेव्हां विकत घेतलेल्या मिठाला जागावें लागतें काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. कायद्यानें जागावें लागत नाहीं, आणि तसें लागत नाहीं हें बरेंच आहे. नाहीं तर गरिबाला कोठेंहि ताठ मानेनें जेवतां आलें नसतें. परंतु ज्याला जागण्याची सक्ति नाहीं त्यालाच जागण्याची संधि असते. पैसे देऊन उठल्यावर ज्याच्या मनांत कांहींच शिल्लक राहत नाहीं, तो नुसतें खाऊन आला. ज्याच्या मनांत त्या पदार्थाचें नांव राहतें, तो करणाऱ्याचा मुलूख राहतो, शेजारीं बसलेल्या मित्राची अडचण राहते, आणि आपल्याहि दाराशीं कधीं कोणी परका उभा राहील ही जाणीव राहते, तो जेवून आला. पहिल्याचा हिशोब तेथल्या तेथें मिटला. दुसऱ्याचा मिटला नाहीं. आणि जगांत माणसें एकमेकांना धरून राहतात तीं या न मिटलेल्या हिशोबांच्याच बळावर.